रिकाम्या पेटीचा आलेख

१

रोज सकाळी नऊ वाजता ताई एका रिकाम्या खोलीला सूचना द्यायची.

"आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबा. थांबला की सोडा. ऐकू आल्यासारखं नुसतं वाटलं तरी दाबा, चुकलं म्हणून इथे कुणी रागावत नाही."

माइक चालतो की नाही हे बघायला खरं तर 'हॅलो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण एकोणीस वर्षं कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासल्यावर हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की माइक समोर आला की ते आपोआप सुटायचं. मग ती आत जाऊन हेडफोन लावायची, एकेक स्वर ऐकून बघायची आणि वहीत सही करायची.

त्या खोलीला सगळे पेटी म्हणत. जाड दार, आतून भोकाभोकांचे पत्रे, एक खुर्ची आणि दुहेरी काचेची एक खिडकी. पेशंट आत बसतो, ताई बाहेर यंत्रापाशी. आतल्याला स्वर ऐकू आला की तो बटण दाबतो आणि बाहेर हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की आवाज दहा डेसिबलने उतरवायचा, नाही लागला की पाचने चढवायचा. असं करत करत माणसाच्या ऐकण्याचा तळ गाठायचा आणि कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा जोडल्या की रेघ तयार होते. कुणाची उतरत जाते, कुणाची एकदम कोसळते.

ताईची रेघ सरळ होती. दर सोमवारी ती यंत्र आपोआप चालण्यावर टाकून स्वतः पेटीत बसायची, आणि अकरा वर्षांत तिची एकही खूण जागची हलली नव्हती. "ताईंचे कान म्हणजे दवाखान्याची फूटपट्टी," असं डॉक्टर नव्या पेशंटला कौतुकाने सांगत.

घरी त्याच कानांनी तिचा जीव नकोसा केला होता. आई अडीच वर्षं अंथरुणाला खिळलेली. आजारात तिचा आवाज गेला आणि उरला तो नुसता दोरा, उंच आणि बारीक. त्या आवाजात ती एकच हाक मारायची, "अगं." सांभाळणाऱ्या बाई सहाला गेल्या की सकाळपर्यंत तीस-चाळीस वेळा. नळ सोडलेला असो, मिक्सर फिरत असो, ताईला तो ऐकू यायचाच. हातातलं टाकून ती जायची, आईच्या कपाळावरची बट कानामागे सारायची आणि विचारायची, "काय हवंय?"

"काही नाही. तू आहेस ना, ते बघितलं."

यावर चिडायचं तरी कसं? ताई चिडत नव्हती. ती फक्त दमली होती, हाडांच्या आतून दमली होती, आणि कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

२

धाकटी बहीण दुसऱ्या गावाला. तिचा सगळा हातभार फोनवरून.

"ताई, तू एकदा त्या स्फटिकवालीकडे जाऊन तर ये. माझं मानेचं दुखणं गेलं तिच्यामुळे."

"तुझं दुखणं नवऱ्याने नवी उशी आणली त्यामुळे गेलं."

"बरं बाई, उशीमुळे. पण तू जा. आवाज ऐकून तर खडसावून विचारावंसं वाटतं, शेवटची झोपलीस कधी?"

ताई गेली ती झोपेच्या लोभाने. एका शनिवारी दुपारी, सांभाळणाऱ्या बाई घरी असताना. चष्म्याच्या दुकानावरची खोली होती. फळीवर दगड मांडलेले, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी. तीन धातूचे वाडगे आणि ठोकले की एकेक स्वर देणारे, निरनिराळ्या लांबीचे नादकाटे. नादकाटा ताईच्याही टेबलावर असायचा, पण इथल्या काट्यांना मखमलीची पिशवी होती. स्फटिकवालीला सडकून सर्दी झालेली.

"सर्दीला नाही का एखादा दगड?" ताईने विचारलंच.

"आहे की. पण गोळी लवकर लागू पडते," नाक पुसत ती म्हणाली, आणि ताईला ती आवडली.

तिने ताईला आडवं केलं. वाडग्याच्या काठावरून लाकडी दांडा फिरवला. हा साधारण अडीचशे हर्ट्झचा स्वर, ताईने मनात नोंद केली; वर थोडा थरकतोय, वाडगा एका बाजूला जाड असणार. मग तिच्या मुठीत चार बोटं लांबीचा एक पांढुरका स्फटिक आला, आणि नादकाटा वाजवून त्याचं बूड त्या दगडाला टेकवलं गेलं. मुठीत मुंगी चालल्यासारखं झालं.

"आता काय हवंय ते मनात सांगा. साध्या शब्दांत. एकदाच."

ताईच्या मनात आलं ते असं: आईची हाक माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी ऐकावी. थोडे दिवस.

विचार आला आणि ती मनातच शरमली. पण मागे घ्यायच्या आत तिला झोप लागली. सव्वा तास ती मेल्यासारखी झोपली. उठली तेव्हा गालावर उशीचे वळ होते आणि डोळ्यांत पाणी होतं. लहरी, कंपनं, ऊर्जा यांतल्या एका शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता. झोप मात्र खरी होती.

"आठवडाभर घरी घेऊन जा," स्फटिकवाली म्हणाली. "काटा आणि दगड दोन्ही. काटा वाजवून टेकवायचा. काटा थांबला तरी दगड गात राहतो, पण ते आपल्या कानांना ऐकू येण्याच्या पलीकडचं."

एकोणीस वर्षं 'ऐकू येण्याच्या पलीकडचं' मोजण्यात घालवलेल्या बाईला असं सांगायला नको होतं.

३

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ताईने स्फटिक पेटीतल्या खुर्चीवर ठेवला. शेजारी आवाज मोजायचं मापक. काटा वाजवला, टेकवला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून काचेतून मापक वाचलं. आकडा हलला नाही. हा दगड आवाजाच्या बाबतीत दगडच होता, आणि ताईला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

दुपारचे पेशंट यायला वीस मिनिटं होती. दुपारच्या आधीही यंत्र एकदा तपासायची तिची पद्धत. दगड आत तसाच राहिला. माइक समोर होता, त्यामुळे वाक्य सुटलं, "आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबा." आणि सवयीने बोटाने चाळीसचा स्वर सोडला.

हिरवा दिवा लागला.

स्वर थांबला. दिवा विझला.

बटण अडकलं असेल, ताईला वाटलं. पण अडकलेल्या बटणाचा दिवा लागूनच राहतो. तिने तीस सोडला, दिवा लागला. वीस, लागला. मग ती काहीच न सोडता थांबून राहिली. सोंग घेणारे पेशंट अशाच वेळी पकडले जातात, ठेका धरून बटण दाबत सुटतात. दिवा लागला नाही. तिने दहा सोडला. अर्ध्या सेकंदाने दिवा लागला. स्वर ऐकायला, आपल्याला खरंच ऐकू आला का हे ठरवायला आणि अंगठा हलवायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

काचेतून खुर्ची दिसत होती. दगड होता, मापक होतं. बटण खुर्चीच्या हातावर, वायरीसकट. त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

शहाण्या माणसाने इथे यंत्र बंद केलं असतं. पण सुरू केलेली चाचणी अर्धवट सोडायची नाही हे ताईच्या हाडामांसी भिनलेलं. उजवा कान झाला, डावा झाला. लाल गोल, निळी फुली. हात ठरल्याप्रमाणे चालत होता. रेघ सरळ आली. सकाळीच तिने स्वतःची चाचणी घेतली होती; ती नेहमी कागदावरच असायची, यंत्रात जपलेली नसायची. तो कागद तिने काढून शेजारी धरला. दोन्हींत एका खुणेचाही फरक नव्हता.

शेवटी नोंद जपून ठेवायची की नाही असं यंत्राने विचारलं आणि नाव मागितलं. नावाशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. बाहेर पेशंट येऊन बसल्याचं कळत होतं. काहीतरी भरायला हवं म्हणून ताईने स्वतःचं नाव भरलं.

४

रिकाम्या पेटीचा दिवा लागतो म्हणून डॉक्टरांनी यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं; तो बटण बदलून गेला. वायर तपासली, पत्रे ठोकून बघितले. "काही दोष नाही," म्हणाला, आणि सही घेतली. दगड आणि काटा ताईने पर्समध्ये टाकून घरी नेले आणि कपाटात ठेवून दिले.

तरी दिवा लागायचा. पेशंट आत असताना कधीच नाही. पेटी रिकामी असेल आणि ताई कागदपत्रं लिहीत बसली असेल तेव्हा. आता तर कुठला स्वर सोडायचीही गरज उरली नव्हती. डोळ्यांच्या कडेला हिरवं काहीतरी चमकायचं आणि विझायचं. तिने कानाडोळा करून बघितला. मग सवयीने वेळा टिपायला लागली, समोरच्या कागदाच्या कडेला, पेन्सिलीने. अकरा चाळीस. एक पंधरा. तीन पाच. कशाला टिपते आहोत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

यावर ती जास्त विचार करत नव्हती याचं कारण सरळ होतं. घरी तिला विसावा मिळायला लागला होता.

आई शांत झाली होती. संध्याकाळी सहाला बाई गेल्या की ताई खुर्चीत टेकायची आणि वाट बघायची. हाक यायची नाही. तिने चक्क एक मासिक वाचून संपवलं. भांडी घासून झाल्यावर आपण मध्ये एकदाही हात पुसले नाहीत हे तिच्या लक्षात आलं. रात्री सलग झोप. आरशातला चेहरा माणसात आला. आईकडे ती आपणहून जायची, औषध द्यायची, कूस बदलायची. आई प्रसन्न दिसायची.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" धाकटी फोनवर म्हणाली. "आईला पण त्या लहरींचा फायदा झाला असणार."

"असेल," ताई म्हणाली. वाद घालायला अंगात त्राण आलं होतं, पण मन झालं नाही. सुख बोट लावून बघू नये, असं तिला वाटत होतं.

५

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सांभाळणाऱ्या बाई दाराशी चपला घालता घालता थबकल्या.

"ताई, जाता ना?"

"कुठे?"

"आजी हाका मारतायत की."

ताईने कान दिला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. खाली गाडीचं दार लागलं. फ्रिज गुरगुरत होता. बाईंच्या हातातल्या पिशवीचा प्लास्टिकचा आवाजसुद्धा तिला स्वच्छ ऐकू आला.

"आता?" तिने विचारलं.

"आता काय, मघापासून." बाई तिच्याकडे विचित्र नजरेने बघू लागल्या. "काल तुम्ही समोर बसून भाजी निवडत होतात तेव्हाही मारत होत्या. मला वाटलं, दमल्या असतील, म्हणून बोलले नाही. दिवसभर चालूच असतं त्यांचं. पण हल्ली मला उठावं लागत नाही. मी जाईपर्यंत गप्प होतात, आणि म्हणतात, आली होती ती, बघून गेली."

ताई आतल्या खोलीच्या दारात गेली. आई उशीवर मान वळवून पडली होती. तिचे ओठ उघडले, मिटले. उघडले, मिटले. बहिऱ्या माणसांत आयुष्य घालवलेल्या ताईला ओठ वाचायला कष्ट पडत नाहीत. अगं. अगं.

आवाज नव्हता. दुसरं सगळं होतं. पडद्याची कडी वाऱ्याने वाजत होती ती ऐकू येत होती. फक्त त्या एका आवाजाच्या जागी काही नव्हतं.

बाई गेल्यावर तिने त्यांची वही उघडली. औषध, पाणी, कूस बदलली, असं त्या वेळेनिशी लिहीत. आईने हाक मारली की तेही लिहीत, ताईनेच तसं सांगून ठेवलेलं. तिने पर्समधून दवाखान्यातला कागद काढला, कडेला पेन्सिलीने वेळा लिहिलेला. अकरा चाळीस. एक पंधरा. तीन पाच.

वहीत त्याच वेळा होत्या.

दवाखाना घरापासून दोन बस बदलून जायच्या अंतरावर होता. तिथे, त्या जाड दाराआड बसून, कुणीतरी आईची प्रत्येक हाक ऐकत होतं. आणि बटण दाबत होतं, कारण ताईनेच सांगितलं होतं, कितीही बारीक आला तरी दाबा.

६

दोन सोमवार तिने स्वतःची चाचणी टाळली होती. या सोमवारी घेतली. रेघ सरळ होती, आणि मध्ये, दोन हजार हर्ट्झच्या आसपास, आईच्या हाकेच्या उंच पट्टीत, विहीर खणल्यासारखा खड्डा. उजवीकडे, डावीकडे, दोन्हीकडे.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. "असा खड्डा कुणाला पडत नाही हो. आजूबाजूचं सगळं शाबूत आणि एवढंच गेलं? यंत्र बघून घ्या."

"यंत्र बघून झालं डॉक्टर. मला आईचा आवाज येत नाही."

"तुम्ही दमलाय," ते मायेने म्हणाले. खरोखर मायेने, माणूस चांगला होता. "चार दिवस रजा घ्या. आणि एकाच नावावर या दोन नोंदी कशा? त्या दिवशीची ही सरळ रेघ, आणि हे आजचं." त्यांनी स्वतःच यंत्रावर बोट फिरवलं. "ही सरळ आहे ना, या तुम्ही. दुसरी चुकीची आहे, मी काढून टाकली."

"ती काढू नका," ताई म्हणाली. तोवर काढून झाली होती.

रजा मागायला गेलेली नसताना मिळालेली रजा घेऊन ती स्फटिकवालीकडे गेली. दगड आणि काटा टेबलावर ठेवले. स्फटिकवालीची सर्दी बरी झाली होती.

"मागितलेलं परत कसं करायचं?"

स्फटिकवालीने काटा मखमलीच्या पिशवीत सरकवला. "लोक दगड परत करतात ते काही झालं नाही म्हणून," ती हळू म्हणाली. "असं कुणी विचारलं नाही अजून. तुम्ही काय मागितलं होतंत?"

ताईने सांगितलं. स्फटिकवालीने दगडाला हात लावला नाही. ताई निघाली तेव्हाही तो टेबलावर तसाच होता, आणि ती जिना उतरत असताना वरून दाराला आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मग ताई पुन्हा दवाखान्यात गेली. दुपारची सुट्टी होती, कुणी नव्हतं. ती माइकपुढे बसली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वेगळं वाक्य बोलली. "चाचणी संपली. बटण खाली ठेवा. बाहेर या."

हिरवा दिवा लागला, आणि लागूनच राहिला.

तिने काचेतून पाहिलं. हेडफोन खुर्चीच्या पाठीवरच्या खुंटीला असतो. त्याची पट्टी कडक. टांगलेला असला की त्याच्या दोन्ही वाट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. आज त्या उघड्या होत्या. मध्ये एका डोक्याएवढं अंतर होतं.

तिने दार उघडलं. टप असा आवाज होऊन वाट्या मिटल्या. खुर्चीची गादी हळूहळू वर आली, कुणी उठल्यावर येते तशी. ताईच्या बाजूने थंड काहीतरी गेलं का, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. मात्र त्या दिवसापासून पेटीतला दिवा पुन्हा आपोआप लागला नाही. डॉक्टरांनी तसं फोन करून सांगितलं, तिला बरं वाटावं म्हणून.

७

आता ताईला कानांच्या जागी डोळे लावून बसावं लागत होतं. आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून ती तिच्या ओठांवर नजर ठेवायची. ओठ हलले की उठायची. पण ती उठेपर्यंत ओठ थांबलेले असत, आणि चेहऱ्यावर ती जुनी, ओळखीची निश्चिंती आलेली असे. तू आहेस ना, ते बघितलं. गेल्या अडीच वर्षांत थकली नव्हती एवढी ताई त्या पाच दिवसांत थकली. तिला ती हाक परत हवी होती. तीस वेळा, चाळीस वेळा, मिक्सर चालू असताना, कशीही.

रविवारी बाईंची सुट्टी असते. सकाळचं ऊन पडद्यातून पलंगावर आलं होतं. ताई पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, पेला भरला आणि दारात आली तेव्हा आईचे ओठ हलत होते. अगं.

"आले, आई. ही बघ, आले."

आईची नजर तिच्याकडे वळलीच नाही. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीकडे वळली, जिथे नुसतं ऊन होतं. चेहरा उजळला. ओठ म्हणाले, आलीस?

आईच्या कपाळावरची पांढरी बट हलली. वारा नव्हता, पडदा स्थिर होता. बट सावकाश उचलली गेली, बाजूला सरली आणि कानामागे नीट बसली. अशी बट सारायची ताईची पद्धत होती. अंगठा आधी, मग दोन बोटं.

ताईच्या हातातला पेला कलंडला. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज तिला लख्ख ऐकू आला.

तो आईलाही ऐकू आला असावा. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. डोळे बारीक केले. मग पाहुण्यांसमोर करतात तशी चादर छातीपर्यंत ओढून घेतली, पुन्हा उन्हाकडे वळली, आणि ओठ हलले.

ही कोण गं?

आई थांबली. मान किंचित कलती करून तिने काहीतरी ऐकून घेतलं, बराच वेळ, आणि समजल्यासारखी मान डोलावली. ते उत्तर ताईला ऐकू आलं नाही.

मग आई ताईकडे बघून हसली, परक्या माणसाकडे बघून हसावं तसं, आणि पलंगाजवळच्या खुर्चीकडे तिने बोट केलं. दमलेल्या दिसता, ओठ म्हणाले. बसा ना.